जाणण्याविषयी, दिव्यानीस

ऊर्जानगर, ६ ऑगस्ट २०२५

चि. दिव्यानी,

सोबत सतरा पानं आहेत. आधी ती वाच. हे पत्र नंतर वाचलंस किंवा नाही वाचलंस तरी चालेल.

चंद्रपूरच्या वाचक मंडळानं मला नोव्हेंबरात बोलायला बोलावलंय. विषय मीच दिला: ‘हिब्रू शास्त्रांत ज्ञान म्हणजे काय?’ मंडळात तीन प्राध्यापक आहेत. त्यांच्यापैकी एकालाही हिब्रूतलं एक अक्षर ओळखता येत नाही, आणि बोलायला बोलावलं कुणाला, तर कोळशाचे नमुने घेणाऱ्या बारावी नापास कंत्राटी माणसाला. अभिमानानं लिहीत नाही. नोंद म्हणून लिहितो.

तुला मात्र दहाव्या वर्षी बावीसच्या बावीस अक्षरं येत होती. रद्दीच्या दुकानातून मी ते व्याकरण आणलं, पहिली अकरा पानं गायब असलेलं, आणि आपण दोघं ओट्यावर सतरंजी टाकून उजवीकडून डावीकडे वाचत बसायचो. तुझी आई म्हणायची, “बापलेक उलटे वाचून राह्यले. जेवण तरी सरळ जेवा बाप्पा.”

म्हणून पानं तुझ्याकडे पाठवतोय. चुका दाखव. पेन्सिलनं.

म्हणणं थोडक्यात असं. आपण ज्ञानाला दिवा म्हणतो, प्रकाश म्हणतो. म्हणजे ज्ञान डोळ्याचं आणि डोक्याचं. लांब उभं राहूनही मिळण्यासारखं. त्या जुन्या शास्त्रांतल्या लोकांना लांबचं ज्ञान ठाऊकच नाही. तिथं बैल धन्याला जाणतो. तिथं माणूस आजार जाणतो म्हणजे आजार त्याच्या अंगातून गेलेला असतो. पहिला माणूस आपल्या बायकोला जाणतो आणि तिला मूल होतं. तू लहान होतीस तेव्हा ते पान मी घाईनं उलटायचो, तुला आठवत असेल. आणि पान नऊवर माझा मुख्य मुद्दा आहे. एक संदेष्टा मोठं घर बांधत बसलेल्या राजाला सुनावतो, की तुझ्या बापानं गरिबाचा, गांजलेल्याचा न्याय केला, देवाला जाणणं म्हणजे दुसरं काय असतं? प्राध्यापकांना हे पान आवडेल.

सुकरीची तब्येत विचारत नाही. तुझी आई महिन्यातून एकदा जिवतीला येऊन जाते, ती सांगते तेवढं मला कळतं. मागच्या खेपेला हिमोग्लोबिन ७.४ होतं म्हणाली, मग म्हणाली ७.९ असेल. या दोन आकड्यांत फरक आहे. जमलं तर नक्की आकडा लिहून पाठव.

बाबा

---

ऊर्जानगर, २६ ऑगस्ट २०२५

चि. दिव्यानी,

पाकीट मिळालं. पानं मोजली, सतराच्या सतरा आली. नवव्या पानाच्या समासात तू दोन शब्द लिहिलेस: ‘आणि तुम्ही?’ बाकी कुठं खूण नाही. चौदाव्या पानावर मी मुद्दाम एक चूक ठेवली होती. ती तुला दिसली नाही, की दिसूनही तू सोडून दिलीस, हे मला ठरवता येत नाही.

सात वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ‘म’ अजून तसाच काढतेस.

आणि मी? उत्तर देतो. मी सांगितलं होतं. लग्नाच्या आधी कॅलेंडरच्या पाठीमागे चार चौकोन काढून दाखवले होते. तू वाहक, अंकुश वाहक. चार मुलांमागे एक निरोगी, दोन वाहक, एक सिकलसेलचा रुग्ण. दर खेपेला चारात एक. तू तो कागद फाडलास आणि म्हणालीस, “बाबा, अंकुश गोंड हाय म्हणून तुमाले नको हाय. तसं सांगाची लाज वाटते म्हणून तुमी जातीच्या जागी रक्त काढून राह्यले.” मी म्हणालो, गणिताला जात नसते. तू म्हणालीस, “तुमाले असते.” त्यानंतर आपण बोललो नाही. २०२० च्या फेब्रुवारीत सुकरी झाली आणि आठव्या महिन्यात तिच्या हातापायाची बोटं सुजली. तेव्हा मी आईकडून निरोप पाठवला, की मी सांगितलं होतं. तो निरोप पाठवायला नको होता. पण तो चुकीचा नव्हता.

इथं एक दुरुस्ती करायला हवी.

कॅलेंडरवर चौकोन काढले तो दिवस लग्नाच्या सतरा दिवस आधीचा. तुझं कार्ड मात्र माझ्याकडे नऊ वर्षं होतं.

तू नववीत असताना शाळेत तपासणीचं शिबिर झालं. डिसेंबर २००८. निकालाची कार्डं पालकांच्या हातात देत होते. गुरुजी मला म्हणाले, “धनराजभाऊ, घाबराचं काम नाई. वाहक म्हणजे आजारी नोय. फक्त लग्न जुळवताना समोरच्याचं कार्ड पाहा, बस्स.” मी म्हणालो, काहीतरी अदलाबदल झाली असेल, आमच्या घराण्यात हे नसतं, हे तिकडे जंगलाकडच्या लोकांत असतं. गुरुजी हसले. म्हणाले, “रक्ताले कुठी घराणं मालूम असते भाऊ?”

मी कार्ड शर्टाच्या खिशात घातलं. घरी येऊन तुला सांगितलं नाही, आईला सांगितलं नाही. चौदा वर्षांच्या पोरीला कशाला घाबरवायचं, असं कारण मी स्वतःला देत आलो. कारण चांगलं आहे. खरं नाही. खरं कारण असं, की ऊर्जानगरच्या आमच्या ओळीत मी सगळ्यांना बरोबर-चूक सांगणारा माणूस होतो आणि माझ्याच घरात कुणी चूक काढावी, ही कल्पना मला सोसली नाही.

तू आणि अंकुश बल्लारपूरला कॉलेजात एका गाडीनं जात होता. आता तर जिवतीकडच्या पाड्यापाड्यांत पत्रिकेच्या आधी कार्ड मागतात; तेव्हाही मागायला लागले होते. अंकुशचं कार्ड त्याच्या पाकिटात असायचं, हे मला नंतर कळलं. त्यानं तुला ते पहिल्या वर्षीच दाखवलं असेल. तू म्हणाली असशील, माझं कार्डच नाही, म्हणजे मी चांगली.

असं झालं का? मला माहीत नाही. पण असं झालं असावं, असं मी सतरा वर्षांनी आज लिहितोय.

तान्ह्या पोळ्याला आईसोबत लाकडी बैल पाठवला होता. शिंगं मी घासली होती, टोचायला नकोत म्हणून. सुकरीनं ओढला का?

बाबा

---

ऊर्जानगर, २१ सप्टेंबर २०२५

चि. दिव्यानी,

परवा शुक्रवारी काय झालं ते अंकुशनं तुला किती सांगितलं, मला ठाऊक नाही. म्हणून माझ्याकडून सांगतो, जसं झालं तसं.

सकाळी अकरा वाजता मी नमुन्यावर होतो. ताडपत्रीवर कोळशाचा ढीग घालायचा, चपटा करायचा, चार भाग पाडायचे, समोरासमोरचे दोन फेकायचे, उरलेल्या दोनाचा पुन्हा ढीग. असं करत वॅगनभर कोळशाची मूठभर पूड करतात आणि त्या मुठीवरून साऱ्या वॅगनच्या कोळशात राख किती ते सांगतात. मी हे सव्वीस वर्षं केलंय आणि अर्धवट सोडून कधी उठलो नाही. फोन वाजला.

“मामाजी, अंकुश बोलून राह्यलो.”

सात वर्षांत त्याचा आवाज पहिल्यांदा ऐकला.

“सुकूले चंद्रपूरले आणलं. चार पॉइंट दोन झालं. रक्त द्या लागते म्हणे लवकर. बी निगेटिव्ह. इथं आज नाई, नागपूरवरून उद्या येते म्हणे. मामीजी म्हणत होत्या तुमचं तेच हाय.”

मी म्हणालो, हो, तेच आहे.

“या मंग. अन् दिव्यानीले म्हणू नका मी बलावलं म्हणून. ते मले खाऊन टाकन.”

मी ढीग तसाच टाकून निघालो. प्रफुल आमच्या प्रयोगशाळेतला, त्याच्या गाडीवर. रस्त्यात मला आनंद झाला होता, दिव्यानी. हे लिहायला लाज वाटते, पण झाला होता. तिच्याशिवाय साऱ्या खानदानात बी निगेटिव्ह मी एकटा. मनात म्हटलं, आता तिच्या अंगात माझं रक्त जाईल, मग दिव्यानी काय म्हणेल?

रक्तपेढीत अर्ज भरायला दिला. नाव, वय चोपन्न, वजन, कावीळ झाली होती का, मलेरिया झाला होता का. मी प्रत्येक रकाना स्वच्छ अक्षरात भरत गेलो. मग तो प्रश्न आला. सिकलसेल: आहे, नाही, वाहक.

तुझं कार्ड हातात आल्यावर मी एकट्यानं गडचिरोलीला जाऊन स्वतःची तपासणी करून घेतली होती. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून तिकडे गेलो. फेब्रुवारी २००९. तुला ते माझ्याकडून आलंय.

अंकुश माझ्या शेजारी उभा होता, कागद त्याला दिसत होता. ‘नाही’वर खूण केली असती तर पिशवी भरली असती, मला बिस्किटाचा पुडा आणि प्रमाणपत्र मिळालं असतं, आणि ते रक्त वर दुसऱ्या मजल्यावर गेलं असतं. वाहकाचं रक्त या आजाराच्या लेकराला देत नाहीत, हे मी वाचलेलं आहे. फोन घेताना, गाडीवर बसताना, सगळा वेळ मला ते ठाऊक होतं. तरी मी आनंदात आलो. हे कसं झालं ते मला सांगता येत नाही. ठाऊक असलेली गोष्ट आणि मी, आम्ही दोघं वेगवेगळ्या गाड्यांनी आलो असं समज.

मी ‘वाहक’वर खूण केली. तिथली मुलगी म्हणाली, “काका, मंग तुमचं नाई चालत. उठा, दुसऱ्याले बसू द्या.”

अंकुशनं विचारलं, “कोण वाहक?”

“मी.”

“कवापासून?”

“जन्मापासून,” मी म्हणालो. अचूक उत्तर होतं.

“मालूम कवापासून?”

“दोन हजार नऊपासून.”

मला वाटलं, मारतो आता. मारलं असतं तर बरं झालं असतं. तो हसला. “अन् मले म्हणे, तुमच्या लोकाईचा आजार.” मग माझा दंड धरून त्यानं मला खुर्चीवरून उठवलं. “चला मामाजी. आपण दोघंबी बिनकामाचे. चहा पिऊ.”

प्रफुलनं फोन लावलेच होते. चाळीसेक लावले असतील. दुपारी पावणेचारला बल्लारपूरहून एक मुलगी स्कूटीवर आली, कॉलेजातली. करिश्मा एवढंच नाव कळलं. सुईला घाबरत होती, मान फिरवून डोळे मिटून बसली. दिलं, बिस्कीट खाल्लं, गेली. आपण तिचे कुणी नव्हतो.

मी वर आलो नाही. फाटकापाशी उभा राहून दुसऱ्या मजल्याच्या खिडक्या मोजल्या, चौदा होत्या. तुमची कोणती ते कळलं नाही. संध्याकाळच्या आत परत आलो. प्रयोगशाळेत माझा ढीग कुणीतरी झाडून टाकला होता.

बाबा

---

ऊर्जानगर, ५ ऑक्टोबर २०२५

चि. दिव्यानी,

आई तुझ्याकडे पोचली असेल. किती दिवसांसाठी आली हे तिनं तुला सांगितलं असेल, मला सांगितलं नाही.

लग्नाच्या वेळी तुझं कार्ड बाहेर निघालं तेव्हा आई रडून म्हणाली होती, हे माझ्या माहेरून आलं. लटारूमामाचे सांधे दुखतात, त्यावरून तिनं ठरवलं. मी खोटं बोललो नाही. मी फक्त तिची चूक दुरुस्त केली नाही. मी, जो दुकानांच्या पाट्यांवरचे ऱ्हस्व-दीर्घ थांबून दुरुस्त करतो.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी ती सुपात लाखोळीची डाळ निवडत होती. मी समोर बसलो.

“मंजुषा, ते तुझ्या माहेरचं नाही. माझं आहे.”

“काय तुमचं?”

“दिव्यानीच्या रक्तातलं.”

ती निवडत राहिली. मला वाटलं, तिला समजलं नाही. म्हणून मी चार चौकोनांचं पुन्हा सांगायला लागलो, तेव्हा ती म्हणाली, “समजलं. मी का येडी हाय?” मग म्हणाली, “मी मायले बोलली होती.”

मला हे माहीत होतं. २०२१ साली कमळाआजी गेली, त्याच्या महिनाभर आधीची गोष्ट. आपण त्यांच्याकडे गेलो होतो. म्हणजे आई आणि मी. सुकरीची बोटं सुजल्याची बातमी ताजी होती. आई आजीच्या खाटेशी जाऊन म्हणाली, “माय, तुह्या रक्तातून हे माझ्या नातीले गेलं.” आजी म्हणाली, “असन बाई. माझ्यातूनच आलं असन. मले माफ कर.”

“माय माफी मागून मेली,” मंजुषा म्हणाली. “तुमच्या बदल्यात. तुमी तिथंच बसून होते. चहा पीत होते.”

पीत होतो. कपाला कान नव्हता, तेही आठवतं.

तिनं सूप खाली ठेवलं, पिशवी भरली. मी विचारलं, राजुऱ्याची गाडी किती वाजता आहे, मी सोडतो. ती दारातून म्हणाली, “तुमाले सगळं मालूम असते. सांगाचं कोणाले अन् केव्हा, तेवढं सोडून.”

डाळ अजून तशीच आहे, अर्धी निवडलेली. मी उरलेली निवडायला घेतली आणि ठेवून दिली. ती परत आल्यावर तिला कळेल की मी हात लावलाय.

भाषणाचं लिखाण पुन्हा काढलं. एके ठिकाणी मी अडकलो आहे. परमुलखात राबणारे ते गुलाम कण्हतात. देव ऐकतो, देव पाहतो, देव जाणतो. आणि वाक्य संपतं. काय जाणतो ते लिहिलेलंच नाही. इतकी वर्षं मी तिथं टीप देत आलो, की नक्कल करणाऱ्याकडून एखादा शब्द गळला असावा. आता ती टीप खोडली. दुसरं काय लिहू ते सुचत नाही. तो जाणतो आणि थोड्याच वेळात खाली उतरून येतो, एवढं दिसतं. जाणून वर बसून राहिला असता तर ती गोष्ट पुढं गेलीच नसती.

मी जाणून काय केलं? तुझं आणि माझं, दोन्ही कार्डं प्लास्टिकच्या पाकिटात घातली, ओल लागू नये म्हणून.

तुला पत्र लिहिणं हेही वर बसून राहणंच आहे, हे मला कळतं. पण तू ये म्हणाली नाहीस. न बोलावता आलो, तर आलो ते स्वतःसाठीच, असं होईल. न आलो तर न आलो. दोन्हीकडून मीच चुकतो. कोळशात असं कधी होत नाही.

आईला म्हणावं, गुडघ्याचा पट्टा राहिलाय इथं. अंकुशकडे पाठवायची सोय करतो.

बाबा

---

ऊर्जानगर, २४ नोव्हेंबर २०२५

चि. दिव्यानी,

रविवारी, सोळा तारखेला, भाषण झालं. चोपन्न मिनिटं. माणसं साठच्या वर होती. नवव्या पानाला टाळ्या पडल्या. एका प्राध्यापकांनी उभं राहून विचारलं, की तुमच्या मते या ज्ञानाचं आजच्या काळात उदाहरण काय? मी एक उदाहरण दिलं. चांगलं दिलं. काय दिलं ते आता आठवत नाही. शाल दिली, नारळ दिला. फोटो काढला.

खाली येऊन फोन सुरू केला. आईचे सहा फोन येऊन गेले होते. पहिला अकरा वाजून वीस मिनिटांचा. मी तेव्हा गुलामांपर्यंत पोचलो होतो. सातवा मी लावला. आई म्हणाली, “काल सकाळपासून पोरगी ओरडून राह्यली. चंद्रपूरलेच आणलं. तुमी दहा मिनिटांवर हाय अन् फोन बंद.” मागून तुझा आवाज आला. काय म्हणालीस ते नीट ऐकू आलं नाही. आई म्हणाली, “दिव्यानी म्हणते, या म्हणा. पण तो कागदाचा गठ्ठा आणू नका.”

मी मंडळाच्या माणसाजवळ गठ्ठा दिला आणि रिक्षा केली. शाल खांद्यावरच राहिली, ते फाटकाशी आल्यावर लक्षात आलं. काढून पिशवीत कोंबली.

तू वॉर्डच्या दाराशी उभी होतीस. एकतीस वर्षांची बाई. मी तुला चोवीस वर्षांची समजून आलो होतो. तू म्हणालीस, “बसा. पण बोलू नका काही.” मी मान हलवली. आई भिंतीशी टेकून बसली होती, तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. अंकुश पाणी आणायला गेला होता. मग नर्सनं चिठ्ठी दिली, तू औषधाच्या रांगेत गेलीस, आई तोंड धुवायला गेली. तू पंचवीस मिनिटांनी परत आलीस. त्या पंचवीस मिनिटांतलं तुला माहीत नाही, म्हणून हे पत्र.

सुकरीनं मला पहिल्यांदा पाहिलं. मीही तिला. फोटोपेक्षा रंग तुझ्यावर गेलाय, कपाळ अंकुशचं. एका हाताला सलाइन होतं आणि दुसऱ्या मुठीत तिनं चादर धरून ठेवली होती. ओरडून ओरडून तिचा आवाज बसला होता.

“तू आबाजी का?”

मी मान हलवली. तू बोलू नका म्हणाली होतीस.

“बोलता नाई येत तुले?”

“येतं,” मी म्हणालो. माफ कर.

“आई म्हणते तुले सगळं मालूम असते.”

मी सलाइनच्या बाटलीकडे पाहिलं.

“मंग सांग ना. हे दुखणं कवा थांबते?”

दिव्यानी, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे होतं. मी या आजारावर जे मिळालं ते सगळं वाचलंय. अशी कळ साधारण किती दिवस चालते, लालपेशी विळ्यासारख्या वाकड्या होऊन बारीक नसांत कशा अडकतात, पाणी का पाजायचं, शेक का द्यायचा, कोणत्या गोळीनं पुढच्या वेळी कमी होतं. सगळं जिभेवर आलं होतं, क्रमानं. तिच्याकडे पाहिलं. पावणेसहा वर्षांची पोर, माझं रक्त तिच्या अंगात उलटलेलं, आणि ती माझ्याकडून एका वेळेची वाट पाहत होती. चार वाजता, पाच वाजता, असं काहीतरी.

“नाई मालूम, बाई,” मी म्हणालो.

हे मी याआधी कुणाला म्हणाल्याचं आठवत नाही. तिला मात्र नवल वाटलं नाही. ती म्हणाली, “डॉक्टरलेबी नाई मालूम. बाबालेबी नाई.” जणू मी एका मोठ्या कुटुंबात येऊन बसलो होतो.

मग कळ आली. तू ती पाहिलेली आहेस, मी वर्णन करत नाही. मी घंटी वाजवली, नर्स आली, म्हणाली, आत्ताच इंजेक्शन दिलंय, थोडा वेळ लागेल. गेली. मी उभा राहिलो, बसलो, पुन्हा उभा राहिलो. पाण्याचा पेला तिच्या तोंडाशी नेला, तिनं तो ढकलला. करण्यासारखं काही राहिलं नाही. चोपन्न वर्षांत एवढा रिकाम्या हातांचा मी कधी नव्हतो.

“पाय दाब,” ती म्हणाली.

मी खाटेवर बसून तिचे पाय मांडीवर घेतले. दाबायला लागलो.

“इथी नाई. खाली.”

खाली दाबले.

“जोरात नको. आई दाबते तसं.”

“आई कशी दाबते?”

“हळू. अजून हळू. नुसता हात ठेव.”

नुसता हात ठेवला. तिची पिंढरी माझ्या मुठीत मावत होती आणि आत काहीतरी थरथरत होतं, ट्रक गेल्यावर भिंत थरथरते तसं. ते थांबवता येत नव्हतं. हात काढताही येत नव्हता. किती वेळ गेला ते पाहिलं नाही, घड्याळ त्याच हाताला होतं. हळूहळू तिची चादरीवरची मूठ सैल झाली.

काल आईनं कळवलं, की कळ कमी आहे पण ताप उतरला नाही आणि डॉक्टर छातीचा फोटो पुन्हा काढणार आहेत. ताप किती, ते मी विचारलं नाही. विचारावंसं वाटलं, पण आई थकलेली होती.

मी येऊ का? दिवसा येईन, बाकावर बसेन. तू नाही म्हणालीस तर फाटकाशी थांबेन, लागलं तर हाक मारायला कुणी असावं म्हणून. तेही नको असेल तर आईकडून सांग.

आणखी एक. तू औषधाची पिशवी घेऊन परत आलीस तेव्हा मी उठलो नाही. तू माझ्यासमोर दोन-तीन मिनिटं उभी होतीस, जागा एकच होती, तरी मी उठलो नाही, पिशवीही तुझ्या हातातून घेतली नाही. तुला वाटलं असेल, हा माणूस अजून तसाच आहे. तसं नव्हतं. तिचे पाय माझ्या मांडीवर होते, आणि तिला नुकतीच झोप लागली होती.

बाबा